पुट अप सर

त्यांनी आयुष्यभर एकच क्रियापद शिकवलं, असं त्यांचे जुने विद्यार्थी हसत सांगतात, आणि ते फारसं खोटं नाही. वर्ग अकरावीचा असो की बारावीचा, धडा समुद्रावरचा असो की एखाद्या शास्त्रज्ञावरचा, पंधराव्या मिनिटाला सर पुस्तक टेबलावर पालथं ठेवायचे, खडू उचलायचे आणि फळ्यावर लिहायचे, ‘पुट अप’. मग डोळे मिटून घ्यायचे. मुलांना कळायचं, आता घंटा होईपर्यंत आपण कुठल्या कुठे जाऊन येणार.

“भिंतीवर तसबीर लावली, पुट अप. जत्रेत पाल ठोकलं, पुट अप. उत्तर येतंय म्हणून हात वर केला, पुट अप. तुझ्या चुलत्यानं बैल विकायला काढला, पुट अप. तुझ्या आईनं कैऱ्यांचं लोणचं घालून बरणीला दादरा बांधला, जुन्या इंग्रजीत तेही पुट अप. झुडपावर काठी आपटून तित्तर उडवला, पुट अप. शब्द दोनच, तेही एवढे एवढे. काम बघा किती करतात. घरातल्या बाईसारखे.”

म्हणून पुट अप सर. त्यांचं खरं नाव कॉलेजच्या मस्टरवर होतं, पण मस्टर कोण वाचतं? देवळाली प्रवरात उसाच्या बैलगाडीवरचा माणूससुद्धा त्यांना बघून कासरा ओढायचा आणि ओरडायचा, “काय पुट अप सर, येताय का?” सर मान हलवायचे. ते कुणाच्याही वाहनात बसत नसत. घर ते कॉलेज कालव्याच्या कडेनं पायी. उन्हाळ्यातसुद्धा अंगात ते राखाडी जाकीट. त्याला सहा खिसे होते. दोन शिंप्यानं मुळात शिवलेले, चार सरांनी मागून लावून घेतलेले.

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. त्यांच्या विभागात, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी एक वर्ष शिकवलं. एकच वर्ष. आता त्या वर्षाचे महिने मला नीट आठवत नाहीत. उजेड आठवतो. दुपारी साडेतीनचा, स्टाफरूमच्या खिडकीतून तिरपा येणारा, त्यात खडूची भुकटी तरंगणारी. साखर कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस-गोड वास, जो पहिल्या आठवड्यात नकोसा झाला आणि नंतर नसला की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मी नगरची. एम.ए. झाल्यावर पहिली नेमणूक इथे मिळाली, तीही तासांवर, म्हणजे दर वर्षी नव्यानं अर्ज करायचा आणि कुणीतरी तो पुढे पाठवायची वाट बघायची. जूनमध्ये अब्बा मला घेऊन खोली बघायला आले. पहिल्या घरी चहा मिळाला. नाव सांगितल्यावर घरमालक म्हणाले, “खोली आहे हो, पण भावाला विचारावं लागेल.” दुसऱ्या घरी खोली नुकतीच गेली होती. तिसऱ्या घरी ती फक्त फॅमिलीला द्यायची होती. पाचव्या घरानंतर अब्बांनी रुमालानं चष्मा पुसला, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीनं नगरला परत गेलो. दीड महिना मी रोज नगरहून ये-जा केली. पहिल्या तासाला पोचायला उशीर व्हायचा आणि उपप्राचार्य दारात घड्याळ बघत उभे असायचे.

एके दिवशी सरांनी डोळे मिटूनच विचारलं, “मॅडम, तुम्ही रोज का धावता?”

मी सांगितलं. किती घरं, काय काय उत्तरं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, झोपले.

“कुणाला आपल्या घरी उतरवून घेणं, मुक्कामाला ठेवणं,” ते म्हणाले, “हासुद्धा पुट अपचाच अर्थ आहे. मी वर्गात सांगायचा विसरतो. आमच्याकडे पुढची खोली रिकामी आहे. आजच बघून जा.”

त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांच्या उतरंडी. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या बाजूच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “काय खातीस, काय न्हाई, ते एकदाच सांग. परत इचारनार न्हाई.” मी सांगितलं. त्यांनी खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. रोज्यांच्या दिवसांत मात्र पहाटे माझ्या दारावर टकटक व्हायची आणि बाहेर झाकलेलं ताट असायचं.

खूप नंतर काकूंनीच सांगितलं की सर नोकरीला लागले तेव्हा त्यांनाही गावात कुणी खोली दिली नव्हती. दीड वर्ष ते कॉलेजच्या पुस्तकांच्या खोलीत झोपले. तिथे रद्दीतून आलेला, पुठ्ठे निघालेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. त्याचीच उशी करायचे. “उशी करून करून डोक्यात गेला तो,” काकू म्हणाल्या.

सरांच्या त्या सहा खिशांत काय असतं, ते मला कळलं ते असं. स्टाफरूममध्ये एकदा उपप्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, तुमचं इंग्रजी आम्हाला कळत नाही आणि तुमचं मराठी आम्हाला चालत नाही. करायचं काय?” सगळे हसले. सरही हसल्यासारखे झाले. मग त्यांनी एक जुनं एस.टी.चं तिकीट काढलं, त्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि जाकिटाच्या वरच्या खिशात ठेवलं. मी बघितलं ते त्यांना कळलं.

घरी जाताना कालव्यावर मी विचारलं.

“पुट अप विथ,” ते म्हणाले. “मुलांना मी सांगतो, सहन करणे. परीक्षेला तेवढं पुरतं. पण सहन करण्याचा आणि वर ठेवण्याचा संबंध काय? मी तो कितीतरी वर्षं शोधत होतो. मग एका जुन्या शब्दकोशात सापडला. पूर्वी तलवार म्यान केली की पुट अप म्हणत. यातला अप म्हणजे वर नव्हे, मॅडम. आवरून, जागच्या जागी. वस्तू आवरून खिशात टाकली, तेही पुट अप. मग कुणी अपमान केला आणि तुम्ही तलवार काढली नाहीत, तर तुम्ही तो अपमान आवरून ठेवलात. खिशात घातलात. विथ बिचारं फार नंतर येऊन चिकटलं.”

कालव्याचं पाणी त्या दिवशी इतकं संथ होतं की पलीकडचा ऊस उलटा उभा होता.

“आता आपल्याकडे बघा. आपण अपमान गिळतो. चूक पोटात घालतो. सगळं पोटात. आणि पोट खुंटीला टांगता येत नाही. इंग्रज हुशार, त्यानं खिशात ठेवलं. संध्याकाळी घरी आलं की मी जाकीट ओट्यावरच्या खुंटीला लावतो. ते आजवर उंबरठ्याच्या आत आलेलं नाही.”

खरंच आलं नव्हतं. मी बघत होते ना. ऊन असो, धुकं असो, ते जाकीट ओट्यावर लटकलेलं असायचं, सहा खिसे फुगलेले, आत गेलेल्या माणसाची वाट बघत बसलेल्या दुसऱ्या माणसासारखं. आणि आत सर बनियनवर बसून काकूंना लसूण सोलून देत गाणं गुणगुणत असायचे. मला ते फार सुंदर वाटलं. मीही ठरवलं, आपणही असंच जगायचं.

दिवाळीनंतर उपप्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे गृहस्थ वाईट बोलताना आवाज कधी चढवत नसत. उलट खाली आणायचे, घरच्या माणसासारखा. “मॅडम, पुढच्या वर्षीच्या तासांचं बघावं लागेल. गावात बोलतात लोक. तुम्ही कुठे राहता, ते घर कुणाचं. दोन्हीकडून बोलतात. तुमच्यासाठीच सांगतोय. नगरहून ये-जा केलीत तर बरं.”

मी “हो सर” म्हणून बाहेर आले. तास घेतला. मुलांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, काही आठवत नाही. संध्याकाळी घरी येऊन बॅग भरायला लागले. काकू दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि मग त्यांनी सरांना हाक मारली.

सर आले. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले, डोळे मिटले. म्हणाले, “मॅडम, हे लिहा. बारीक अक्षरात लिहा. घडी घाला. आणि खिशात...”

“सर, माझ्या कुर्त्याला खिसा नसतो.”

मी हे ओरडून म्हणाले नव्हते, तरी सरांनी डोळे उघडले. मी बोलत गेले. म्हटलं, तुम्ही तीस वर्षं खिशात घातलंत म्हणून त्या माणसाला वाटतं की हे सगळं कुठेतरी मावतंच. तुमचे सहा खिसे भरले, आता माझ्याकडे आलाय. तुम्ही शब्दाचा उगम शोधलात, सर, पण तो माणूस रोज काय बोलतो, ते तुम्ही पुन्हा वाचून तरी बघितलंत का?

एवढं बोलून मला स्वतःचीच भीती वाटली. ज्यांनी छप्पर दिलं त्यांना मी हे बोलत होते.

काकू दारातूनच म्हणाल्या, “मी काय येगळं सांगत हुते? हे जाकीट भायेर टांगत्यात आन् रातभर झोपेत दात खात्यात. माज्या कानानं ऐकत्ये मी.”

सर उठून ओट्यावर गेले. मी बॅग उघडीच ठेवून खिडकीतून पाहिलं. ते जाकिटासमोर उभे होते. हात खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. त्यानंतर चार-पाच दिवस ते घरात कमी बोलले आणि वर्गात, मुलांनी मला येऊन सांगितलं, चक्क धडा शिकवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मुलं घाबरून गेली होती.

मी बॅग रिकामी केली नव्हती. रोज त्यातूनच कपडे काढायचे आणि त्यातच घालायचे.

जानेवारीत स्टाफ मीटिंग झाली. गॅदरिंगच्या कामांची वाटणी होती. प्राचार्य फार सज्जन, म्हणजे कुणालाच काही न म्हणणारे. ते टेबलाच्या टोकाला, त्यांच्या उजव्या हाताला उपप्राचार्य, आणि समोर इतिवृत्ताचं लांबडं रजिस्टर, ज्यात मीटिंगमध्ये ठरलेलं लिहून सगळ्यांच्या सह्या होतात. पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण इंग्रजीत कोण करणार, असा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, इंग्रजी विभागाकडे द्या.

उपप्राचार्य हसले. तोच खालचा, घरगुती आवाज. “इंग्रजी विभागात आता आपलं असं माणूस राहिलंय कुठे?”

कुणी हसलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मी सरांच्या हाताकडे पाहिलं. सवयीनं तो वरच्या खिशाकडे निघाला होता. मध्येच थांबला आणि टेबलावर आला.

“हे लिहून घ्या,” सर म्हणाले.

“काय?” प्राचार्यांनी विचारलं.

“आत्ता उपप्राचार्य जे बोलले ते. शब्दाला शब्द. इतिवृत्तात.”

“अहो सर, गंमत केली मी.”

“गंमतच लिहू. इतिवृत्तात गंमत लिहायला बंदी नाही.”

“सर, तुम्ही उगीच विषय वाढवताय. आजवर इतकी वर्षं आपण...”

“इतकी वर्षं मी तुमचं बोलणं माझ्याकडे ठेवलं,” सर म्हणाले. त्यांचा आवाजही वर गेला नाही. “हे मी ठेवणार नाही. हे कॉलेजकडे राहू द्या.”

क्लार्कनं पेन उचललं, प्राचार्यांकडे पाहिलं, खाली ठेवलं. तेव्हा सरांनी हात लांब करून रजिस्टर स्वतःकडे ओढलं. चष्मा लावला. आणि लिहिलं. मुंगीएवढ्या अक्षरात नाही. फळ्यावर लिहायचे तसं, ठसठशीत, मराठीत. ते वाक्य, कुणी म्हटलं, कुणाबद्दल म्हटलं. खाली स्वतःची सही. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी सही केली. त्या कागदावर माझं नाव मला कधी नव्हे इतकं लांब वाटलं.

रजिस्टर टेबलावर तसंच उघडं राहिलं. खूप वेळ. बाहेर पी.टी.च्या तासाची शिट्टी वाजत होती. मग समोरच्या बाकावरच्या मराठीच्या मॅडम, ज्या सात महिन्यांत माझ्याशी ‘कशा आहात’च्या पलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, रजिस्टर मिटणार. त्या म्हणाल्या, “तुमचं पेन द्या जरा.” त्यांनी सही केली आणि पेन परत देताना माझ्याकडे बघितलंही नाही.

तीनच सह्या झाल्या. पण पान राहिलं. प्राचार्यांनी ते फाडलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

यातून मोठं काही घडलं असं नाही. उपप्राचार्यांनी माफी मागितली नाही. माझा अर्ज पुढे गेला, पण तास निम्मे झाले, आणि एप्रिलमध्ये मला काष्टीला एका शाळेत जागा मिळाली तेव्हा मी ती घेतली. सर त्याच मे महिन्यात निवृत्त झाले. ज्यांना बोलताना डोळे मिटायची सवय, त्यांच्या निरोपाच्या भाषणाची मुलं दोन वर्षं वाट बघत होती. समारंभच झाला नाही. ‘सुट्ट्या आहेत, मुलं नाहीत’ असं कारण दिलं. शाल आणि नारळ शिपायाबरोबर घरी पाठवले. शाल काकूंनी त्याच शिपायाला पांघरली. नारळाच्या वड्या केल्या आणि मला काष्टीला पाठवल्या, एका मुलीच्या हाती, जी अकरावीला सरांची विद्यार्थिनी होती आणि बारावीला काष्टीत माझी झाली.

त्यानंतर मी वर्षातून एकदा तरी जायची. दर वेळी सर शब्दकोशातला नवा अर्थ काढून ठेवायचे आणि मी बसल्या बसल्या पेंगायची, काकू माझ्या पायावर चादर टाकायच्या.

मागच्या हिवाळ्यात गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “सर कालव्यावर गेल्यात. येतील आता. एकले न्हाईत.” आवाजात काहीतरी होतं. मी चपला घालून निघाले.

दुरून मला दोन म्हातारे दिसले. धुक्यात, काठावरून हळूहळू येणारे. एक आमचे सर. दुसऱ्याच्या हातात काठी. जवळ आले तेव्हा ओळख पटली आणि माझे पाय तिथेच थांबले. उपप्राचार्य. निवृत्त झालेले, वाळलेले, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली.

बांध अरुंद होता. समोरासमोर आल्यावर कुणाला तरी बाजूला व्हावं लागणार होतं. त्यांनी मला पाहिलं. “मॅडम,” एवढंच म्हणाले, आणि काठी टेकत बांधावरून खाली उतरले, भिजलेल्या उसाच्या सरीत. चिखलात पाय घोट्यापर्यंत गेला. मी पुढे निघून गेले. मागे वळून पाहिलं तर सर त्यांना हात देऊन वर ओढत होते.

उसातल्या जवळच्या वाटेनं त्यांच्या आधी घरी येऊन मी काकूंना म्हटलं, “हे काय, काकू?”

“बायकू गेली त्येची. पोरं पुन्याला. कुनी बोलत न्हाई,” काकू चहा टाकत म्हणाल्या. “वरीस झालं, रोज येतो. सर म्हनत्यात, मी काय इसरलो न्हाई, पर त्याला चालाया कुनी न्हाई. चालू दे. मी चालन्याला न्हाई म्हनले न्हाई. पर घरात अजून घेतलं न्हाई. च्या ओट्यावर देते.”

तेवढ्यात ते दोघं आले. ओट्यावर पाय धुतल्याचा आवाज झाला, खोकल्याचा, काठी भिंतीला लावल्याचा. काकूंनी चार कप भरले. दोन ताटलीत ठेवले आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या. माझ्याकडे वळल्या.

“भायेर लई गारठा हाय,” त्या म्हणाल्या. “तू सांग. आत बोलवू का त्याला?”

असं काही कुणी मला विचारेल हे मला कधी वाटलं नव्हतं. दारातून मला त्या माणसाची फक्त पाठ दिसत होती, वाकलेली, स्वेटर उसवलेला. मला दया आली, ती खोटी नव्हती. रागही आला, तोही खोटा नव्हता. काकू ताटली धरून उभ्या होत्या, आणि त्यांना घाई नव्हती.

“आज नको, काकू,” मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली. बरं केलंस की वाईट, असं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या बाहेर गेल्या. ओट्यावर कप ठेवल्याचं वाजलं, आणि मग दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं सुरू झालं, या वर्षी ऊस तोडायला टोळी कधी येणार, कालव्याला पाणी किती दिवस राहणार. मी आत बसून ऐकत राहिले.